पाद्र्याचा पोर

माझा मामा नेगासी सकाळी कुणाच्या दारात उभा राहिला, की त्या घरातल्या बाईच्या पोटात गोळा यायचा. त्यामुळे साधं मीठ मागायला जायचं असलं तरी तो गल्लीच्या तोंडापासून ओरडत जायचा, "काही नाही, काही नाही, मीठ हवंय." आमच्या अदी हम्लाय गावातले लोक यावर पुष्कळ हसायचे. पण मीठ घेऊन तो पाठमोरा होईपर्यंत कुणाचा जीव थाऱ्यावर नसायचा.

तसा तो नांगर दुरुस्त करायचा. गावात मात्र त्याची ओळख मरणाची बातमी नेणारा म्हणून होती. हे काम त्याला कुणी नेमून दिलं नव्हतं. माझा बाप परगावी मेला तेव्हा ती बातमी माझ्या आईला एका अर्धवटाने पाणवठ्यावर सांगितली. तिच्या पाठीला भरलेला घडा बांधलेला होता आणि पोटात सातवा महिना होता. ती जागच्या जागी कोसळली, मूल गेलं, आणि वर्षभरात तीही गेली. मामाने मला आपल्या घरी आणलं आणि तेव्हापासून गावातली अशी प्रत्येक बातमी त्याने स्वतःकडे घेतली. त्या अर्धवटाचं नाव मी सांगत नाही. त्याची नातवंडं अजून गावात आहेत आणि तीही तितकीच अर्धवट आहेत.

मामाची रीत ठरलेली होती. आदल्या दिवशी तो गुपचूप नातेवाइकांना आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवायचा. ज्याचं माणूस गेलं त्याला त्या रात्री शेवटची शांत झोप मिळू द्यायची. पहाटे चूल पेटायच्या आत सगळे कुंपणाबाहेर येऊन थांबायचे आणि मामा एकटा पुढे जायचा. आमच्याकडे विचारपूस लवकर आटपत नाही. कसा आहेस, रात्र बरी गेली का, घरचे कसे, बैल कसा, गुडघा कसा, असं चांगलं पाच-सात मिनिटं चालतं आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं. मामा उत्तर द्यायचा नाही. पहिला प्रश्न तसाच राहिला, दुसरा राहिला, की तिसऱ्याला समोरच्या बाईचा आवाज खाली यायचा. मग मामा फक्त तीन नावं घ्यायचा: गेलेल्याचं, त्याच्या बापाचं, त्याच्या आजोबाचं. मेला हा शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. तेवढ्यात बाहेरची माणसं आत शिरून तिला धरायची.

आजोबाच्या नावाबद्दल तो फार कडक होता. आमच्यात आडनाव नसतं. माणसाचं नाव आणि बापाचं नाव एवढ्यावर एकाच गावात तीन-तीन माणसं निघतात. आजोबाचं नाव लागलं की माणूस पक्का होतो. कुणी बातमी घेऊन आलं की मामा आधी विचारायचा, आजा कोण? सांगता आलं नाही तर त्याला परत पाठवायचा.

मग स्वातंत्र्याची लढाई आली आणि तीस वर्षं चालली. गावातली पोरं-पोरी डोंगरात निघून गेली. तिकडे कोण पडलं, कोण उरलं, हे लढाई संपेपर्यंत घरी कळवायचं नाही असा लढणाऱ्यांचा नियम होता. त्या काळात मामाला फारसं काम नव्हतं. म्हातारे मरायचे, पण ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मरायचे.

एक्क्याण्णव सालच्या मे महिन्यात आम्ही जिंकलो. आठवडाभर नाचलो, माझ्या टाचा फुटल्या. मग ट्रक येऊ लागले आणि गावातल्या आया सडकेच्या वळणावर जाऊन बसू लागल्या. ज्यांची पोरं उतरली त्या उठून घरी गेल्या. बाकीच्या बसून राहिल्या. परत आलेल्यांकडून हळूहळू तोंडी बातम्या यायला लागल्या आणि त्या पावसाळ्यात मामाने एकामागून एक दारं गाठली. दर वेळी घरी आला की तो गरम पाण्यात पाय घालून बसायचा आणि दुपारपर्यंत कुणाशी बोलायचा नाही.

वळणावर शेवटी ज्या उरल्या त्यांत दोघी होत्या, अब्रेहेत आणि मेदहिन. दोघी विधवा. दोघींच्या नवऱ्याचं नाव केफलोम आणि दोघींच्या एकुलत्या एका पोराचं नाव बेराकी. दोन्ही बेराकी एकाच वयाचे, एकाच दिवशी घरातून पळाले आणि डोंगर चढून गेले. एवढं सोडलं तर दोघींमध्ये काही सारखं नव्हतं. अब्रेहेत वरच्या आळीतली, चर्चच्या पाद्र्याची बायको, ताठ मानेची. मेदहिन खालच्या आळीतली. तिचा नवरा खेचरांवर मीठ वाहायचा. अब्रेहेत तिच्याजवळ बसली की पांघरुणाचं टोक नाकाला लावायची. खेचर मरून दहा वर्षं झाली होती, पण हिला अजून वास यायचा. गावात पोरांना पाद्र्याचा बेराकी आणि खेचरवाल्याचा बेराकी म्हणत. आयांना मात्र दोघींनाही बेराकीची आई अशीच हाक होती. एकीला हाक मारली की दोघी वळायच्या.

सप्टेंबरात जवळच्या देकेमहारे शहरातून निरोप आला. तिथे रिशान नावाची एक बाई होती. लढाईत तिचा पाय गेला होता आणि आता ती शिलाई मशीन चालवायची. मामा एकटाच गेला. परत आल्यावर त्याने मला तिचं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं, कारण बातमी तोंडपाठ करायची त्याला सवय होती. अदी हम्लायचा बेराकी केफलोम मसावाच्या लढाईत तिच्या शेजारीच पडला होता. मामाने विचारलं, आजा कोण? ती म्हणाली, "आजे-पणजे आम्हाला कुठले माहीत, बाबा? तिथे खरं नाव घेऊन कोण हाक मारतंय? आम्ही सगळे त्याला पाद्र्याचा पोर म्हणायचो."

मामा तिथेच थांबला. पुढचा प्रश्न त्याने विचारला नाही. पाद्र्याचा पोर म्हटल्यावर विचारायचं काय राहिलं, असं त्याला वाटलं. मीही तसंच म्हटलं असतं. गावातल्या शेंबड्या पोरानेही तसंच म्हटलं असतं.

वरच्या आळीला जायची वाट मेदहिनच्या दारावरून जाते. त्या पहाटे आम्ही वीसेक जण मामाच्या मागे चाललो होतो. मेदहिन अंगण झाडत होती. मामा दिसल्यावर तिच्या हातातला झाडू खाली पडला. मामा मान खाली घालून पुढे गेला. मी मागे वळून पाहिलं, ती कुंपणाचा खांब धरून उभी होती. मग तिने पांघरूण घेतलं आणि तीही आमच्या मागे आली.

अब्रेहेतने दुसऱ्याच प्रश्नाला ओळखलं. ती ओरडली नाही, भिंतीवर कपाळ आपटायला लागली. तिला मागून जिने मिठी घातली ती मेदहिन. पुढचे बारा दिवस दुखवट्याच्या मांडवात मेदहिन तिच्या पाठीशी बसून राहिली. पहाटे उठून ती माझ्याबरोबर तायता भाजायची. आंबलेल्या पिठाच्या त्या मोठाल्या पातळ भाकऱ्या शंभर-शंभर लागायच्या. मग ती मांडवात जायची आणि अब्रेहेतचं डोकं मांडीवर घ्यायची. पाद्रीणबाईंना तेव्हा खेचराचा वास आला नाही. मी मनात म्हटलंही, बरी जिरली. मला माझी लाज वाटते, पण म्हटलं खरं.

चाळिसाव्या दिवशी गावजेवण घालावं लागतं. अब्रेहेतकडे तेव्हा कापायला कोंबडीसुद्धा नव्हती. मेदहिनकडे एक मेंढा होता, काळ्या तोंडाचा. मे महिन्यापासून तिने तो मीठ आणि कोवळा पाला घालून पोसला होता, पोरगा आला की कापायचा म्हणून. चाळिसाव्याच्या सकाळी ती त्याला कानाला धरून घेऊन आली.

"हा कशाला आणलास?" अब्रेहेत म्हणाली. "तुझ्या बेराकीचा आहे तो."

"माझा आला की दुसरा बघू," मेदहिन म्हणाली. "धर."

आम्ही सगळ्यांनी तो मेंढा खाल्ला. पाद्र्याच्या बेराकीच्या नावाने प्रार्थना झाली आणि लोक पोटभर जेवून घरी गेले.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, कापणीच्या दिवसांत, दुपारच्या बसमधून पाद्र्याचा बेराकी उतरला. धडधाकट, काळा ठिक्कर पडलेला, दाढी वाढलेली. दूर दक्षिणेला असाबच्या बंदरावर त्याची नेमणूक होती. त्याने एका ड्रायव्हरबरोबर निरोप पाठवला होता, तो ड्रायव्हर कुठे गडप झाला देव जाणे. अब्रेहेत अंगणात धान्य पाखडत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि सूप हातात घेऊनच मटकन खाली बसली. मग तिने असा काही आवाज काढला की कापणी सोडून गाव धावत आलं. बायकांनी जिभा हलवून आनंदाची किलकारी सुरू केली. मी होते, माझ्या शेजारी मेदहिन होती. तिने एकदा किलकारी दिली, दुसऱ्यांदा दिली. तिसऱ्यांदा तिचा आवाज मधेच तुटला.

मी मामाकडे पाहिलं. तो अंगणाच्या कडेला उभा होता आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं आणि कुणीही बोललं नाही. बातमी लपवायची सवय आमच्या हाडात मुरलेली आहे. लोकांनी पोरांना दटावलं. खालच्या आळीच्या बायका पाण्याला जाताना मेदहिनचं दार टाळून लांबच्या वाटेने गेल्या. फक्त अब्रेहेतला आणि तिच्या पोराला काही कळलं नाही. ती आनंदाने वेडी झाली होती आणि तो दोन दिवस नुसता झोपला होता. तिसऱ्या दिवशी गावाला जेवण घालायचं तिने ठरवलं.

पोरगा आला त्या रात्री मामा घरी जेवला नाही. मला त्याचा राग आला होता आणि मी तो गिळला नाही. मी म्हटलं, "जन्मभर लोकांना आजा विचारून हैराण केलंस. ह्या एका वेळी काय झालं होतं तुला?"

"मला नक्की करू दे," एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं देकेमहारेला चालत गेलो. त्याचा गुडघा दुखत होता म्हणून वाटेत चार वेळा बसलो. रिशानने आम्हाला बसायला पेटी दिली. मामाने विचारलं, "तो दिसायला कसा होता?"

"ठेंगणा," ती म्हणाली. "डाव्या हाताला करंगळी नव्हती. लहानपणी बापाच्या खेचराने तोडली म्हणायचा."

मागच्या खेपेला न विचारलेला प्रश्न मामाने आता विचारला. "मग पाद्र्याचा पोर का म्हणायचात?"

तिला हसू आलं. नऊ जणांत चहाचा एक डबा यायचा. बेराकी तो हातात घ्यायचा, त्याच्यावर क्रूस काढायचा आणि गावच्या पाद्र्याच्या नाकातल्या आवाजात अशी लांबलचक प्रार्थना लावायचा की चहा गार होऊन जायचा. "आम्ही शिव्या द्यायचो त्याला," ती म्हणाली. "पण त्याने डबा हातात घेतल्याशिवाय चहा घशाखाली उतरायचा नाही." मग तिला आमचे चेहरे दिसले. तो गावचा पाद्री म्हणजे अब्रेहेतचा नवरा. खेचरवाल्याच्या पोराने त्याची नक्कल केली आणि सोबत्यांनी त्या नकलेचं नाव त्यालाच देऊन टाकलं.

परतताना मामा एकदाच बोलला. "चूक माझी," तो म्हणाला. मी नाही म्हटलं नाही.

दुसऱ्या पहाटे आम्ही चौघंच गेलो. मामा, मी आणि खालच्या आळीतल्या दोन बायका. ज्याला सांगितलं त्याने काही ना काही कारण काढलं. मेदहिन अंगणात दगडावर बसली होती, अंगावर धुतलेलं पांघरूण घेऊन. ती झोपली नव्हती हे दिसतच होतं. मामा दारात उभा राहिला.

"कसा आहेस, अबोय नेगासी?" ती म्हणाली. आम्ही वडीलधाऱ्या पुरुषाला अबोय म्हणतो. "रात्र बरी गेली?"

मामा गप्प.

"घरचे बरे आहेत ना? भाची बरी आहे?"

मी तिच्यासमोर उभी होते. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"बैल कसा आहे? गुडघा कसा आहे? यंदा धान्य किती झालं?" ती थांबेचना. पोळ्यांतल्या मधमाश्या कशा आहेत, छप्पर गळतं का, डोळ्यांचं पाणी थांबलं का. इतक्या वर्षांत कुणी असं केलं नव्हतं. ती प्रश्न विचारत राहील तोवर मामाला तोंड उघडता येणार नव्हतं, आणि ते तिला माहीत होतं. शेवटी विचारण्यासारखं काही उरलं नाही.

"बेराकी," मामाने सुरुवात केली.

"थांब," ती म्हणाली. "उद्या तिच्याकडे जेवण आहे. ते होऊ दे."

"असं करता येत नाही, मेदहिन. दारात आलेली बातमी घेऊन मी परत कसा जाऊ?"

"त्या दिवशी गेलास की माझ्या दारावरून." ती अगदी हळू बोलत होती. "तू पुढे गेलास तेव्हा मी काय केलं सांगू? देवाला म्हटलं, तुझे उपकार. दुसरीच्या घरी पाठवलंस, तुझे फार उपकार. आणि मग गेले तिला मिठी मारून रडायला. बारा दिवस ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती आणि मला तिच्या डोळ्यांत बघवत नव्हतं. म्हणून तो मेंढा दिला. तुम्हाला वाटलं मी देवमाणूस."

"कुठलीही आई तेच म्हणेल."

"म्हणत असेल. पण मी म्हटलं. आता तिला एक दिवस पुरा हसू दे. परवा ये आणि मला नीट सांग."

मामा परत फिरला. न सांगितलेली बातमी घेऊन घरी यायची त्याची ती पहिली वेळ. त्या दिवशी त्याने पाय गरम पाण्यात घातले नाहीत, नांगराच्या लाकडावर हात ठेवून नुसता बसला. मला त्याची दया आली.

जेवणाला मेदहिन सगळ्यांच्या आधी हजर होती. तिने बाह्या वर सारल्या आणि तव्यासमोर बसली. मी तिच्या शेजारी पीठ ओतत होते. तिचा हात एकदाही चुकला नाही. अब्रेहेत मधूनमधून आत यायची, तिच्या खांद्याला खांदा लावून तिचे मुके घ्यायची आणि म्हणायची, "आता तुझा, आता तुझा येऊ दे." मेदहिन म्हणायची, "हो."

बाहेर पुरुष ताटांभोवती बसले होते. बेराकीने सुवाचे, म्हणजे घरी केलेल्या दारूचे, दोन-तीन पेले रिचवले होते. आपणच मेल्याची कथा त्याला फार आवडली होती. कोण किती रडलं, प्रार्थना किती लांबली, हे तो खोदून खोदून विचारत होता. लोक त्रोटक उत्तरं देऊन ताटात बघत होते. मेंढा कुणाचा होता हे कळल्यावर त्याने मेदहिनला आतून बाहेर बोलावलं. ती पिठाचे हात घेऊन बाहेर आली. तो उठला, त्याने तिच्या खांद्याचं चुंबन घेतलं.

"अदेय मेदहिन," तो म्हणाला. अदेय म्हणजे आई. "माझ्या नावाचा मेंढा मला सोडून सगळ्या गावाला खायला घातलात."

लोक हसले नाहीत. त्याच्या ते लक्षात आलं नाही. तो मामाकडे वळला.

"आणि अबोय नेगासी, तुम्ही चुकलात तर चुकलात, मी जिवंत आहे, माझं काही म्हणणं नाही. पण मेला तो कोण? माझ्या नावाचा दुसरा कोण..."

त्याचं बोलणं तिथेच थांबलं. गावात त्याच्या नावाचा दुसरा कोण, हे त्याला माहीत होतं. दोघं मिळूनच घरातून पळाले होते. दाराशी अब्रेहेतच्या हातातली सुवाची सुरई तिरकी झाली आणि तिच्या पायांवर सांडत राहिली.

मामा उठून उभा राहिला. सांगायचं काम त्याचं होतं. तो तोंड उघडणार एवढ्यात मेदहिन म्हणाली, "माझा."

ती बेराकीकडे वळली.

"माझा मेला," ती बेराकीला म्हणाली. "तू बस. जेव."

त्याला खांद्याला धरून तिने खाली बसवलं. ताटातल्या तायताचा मोठा तुकडा तोडला, मटणाच्या रश्श्यात बुडवला आणि त्याच्या तोंडाशी नेला. आमच्याकडे मायेने भरवलेला घास नाकारायचा नसतो. त्याने तोंड उघडलं. तो चावत राहिला, डोळ्यांतून पाणी दाढीत उतरत होतं आणि घास काही त्याला गिळवेना. मेदहिन त्याच्या हनुवटीखाली हात धरून, तो गिळेपर्यंत उभी राहिली.